दोन सिनेमे पाहिलेले अध्यक्ष

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचे अध्यक्ष बळवंतराव घारपुरे यांच्या हातात पुस्तकापेक्षा माइकच जास्त वेळ असायचा. एका जाडजूड अमेरिकन कादंबरीवरून वाचकांत भांडणं जुंपली होती. कुणी नायकासाठी रडलं, कुणी त्याला शिव्या घातल्या. वैतागून बळवंतरावांनी भर सभेत फर्मान काढलं, "ती कादंबरी रद्दीत घाला! तिच्यावरचे दोन्ही सिनेमे मी पाहिलेत. त्यापलीकडे तिच्यात काही नाही. हवं ते मला विचारा."

कादंबरीच्या बाजूने भांडणाऱ्या कुमुदताई शेजवलकर उठल्या.

"अध्यक्षमहाराज, जुन्या सिनेमात नायक शेवटी मरतो ना?"

"मरतो. डोळ्यांनी पाहिलंय!"

"आणि नव्यात लग्न करतो?"

"करतो. तेही पाहिलंय!"

"मग आम्ही त्याच्या तेराव्याला जेवायचं की लग्नाला?"

सभेत हशा पिकला. बळवंतराव लालबुंद होऊन ओरडले, "पुस्तकात काय होतं, ते सांगा आधी!"

"बघा," कुमुदताई म्हणाल्या, "शेवटी तुम्हालाही पुस्तकच लागलं."

कादंबरी कपाटातच राहिली. बळवंतरावांनी ती अजून उघडलेली नाही. ते तिसऱ्या सिनेमाची वाट पाहताहेत.