पाठीवरचा पांगारा

"मग ह्यात कमी काय आहे, ते तरी सांगा की आक्का!"

विहिरीच्या पायरीवर शलाका मोहिते हातात कागद धरून उभी होती. पोहायचे कपडे अंगात, आणि डोक्यात मात्र ऑफिस.

दूध संघाच्या प्रयोगशाळेत ती दूध तपासायची. संघानं यंदा प्रत्येकाकडून 'वैयक्तिक विकास आराखडा' मागवला होता. पुढे कुठे जायचंय आणि त्यासाठी काय शिकणार, ते लिहून द्यायचं. शलाकाला प्रयोगशाळेची प्रमुख व्हायचं होतं. सध्याचे प्रमुख पोतदार साहेब दिवाळीत निवृत्त होत होते. मागे एकदा अशीच जागा हातची गेली होती. हीही गेली, तर मग जन्मभर बाटल्याच हलवत बसायचं.

गोदाक्का कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. एके काळच्या मुख्याध्यापिका. शाळा सुटली, पण शिकवणं काही सुटलं नाही. आता गावातल्या बायकांना पोहायला शिकवतात. तोंड असलं फटकळ, की त्यांची बोलणी खाल्ल्याशिवाय ह्या विहिरीत अजून कुणी तरंगलेलं नाही.

"वाच."

शलाकानं वाचायला घेतलं. पुण्याचा सहा महिन्यांचा कोर्स. संगणकाचा एक. इंग्रजी संभाषणाचा एक. नेतृत्वगुणांचं शिबिर. गुणवत्ता तपासणीचं प्रमाणपत्र...

"झालं?"

"अजून एक पान आहे."

"राहू दे बाई. ऐकूनच दमले मी."

"आमच्या विभागात एवढा आराखडा कुणाचाच नाही," शलाका जरा ताठ होत म्हणाली.

"नसेल. पण मागच्या खेपेला जागा का नाही दिली तुला?"

"तयारी नाही म्हणाले. म्हणून तर ही एवढी तयारी!"

आक्कांनी तोंडावर पाणी मारलं.

"टँकर येतो. दूध खराब निघतं. परत कोण पाठवतं?"

"मीच."

"तूच?"

"म्हणजे... पोतदार साहेबांना फोन करून."

"साहेब काय म्हणतात?"

"मी म्हणते तेच. म्हणतात, बरोबर आहे, पाठवा परत."

"कधी वेगळं म्हणाले?"

शलाका आठवू लागली. बराच वेळ आठवत राहिली...

"नाही."

"मग फोन कशाला करतेस गं?"

"बरं वाटतं."

आक्कांनी हात पुढे करून कागद घेतला, वरच्या कोरड्या पायरीवर ठेवला आणि त्यावर आपली चप्पल ठेवली, उडू नये म्हणून.

"चल, उतर पाण्यात."

ह्या विहिरीची रीत जुनी. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की हलकं होतं, बुडत नाही. त्याचे तुकडे दोरीत ओवून शिकणारीच्या पाठीला बांधायचे. हातपाय चालू लागले की एकेक तुकडा कमी करायचा. शलाका उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून येत होती आणि तिच्या पाठीवरून एकही तुकडा कमी झाला नव्हता. दर वेळी म्हणायची, आज नको, उद्या.

"आक्का, आज समोरच्या भिंतीपर्यंत जायचंय मला. दोन तुकडे जास्त बांधता का?"

"दोनच का? सगळे बांधते की."

आणि खरंच बांधले. इतर बायकांच्या दोऱ्या खुंटीवर होत्या, त्याही काढल्या. शलाकाची पाठ लाकडानं भरून गेली. पायरीवर बसलेल्या दोघीतिघी फिदीफिदी हसायला लागल्या.

शलाका पाण्यात आडवी झाली. बुडायचा प्रश्नच नव्हता. ती वरच्या वर तरंगत राहिली, ताकावरच्या लोण्यासारखी. हात मारायला गेली, तर नुसती बोटंच भिजली. पाय झाडले, तर ते हवेत! तिनं जोर केला, धडपडली, जागच्या जागी गोल फिरली. भिंत होती तिथेच.

"आक्का, पुढे जाताच येत नाहीये!"

"पण बरं वाटतंय ना?"

बायका खो खो हसल्या. शलाकालाही आधी हसू आलं. मग हसता हसताच तिचा चेहरा बदलला आणि तिला रडूच फुटलं. पाण्यात रडणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, डोळे पुसावे लागत नाहीत.

आक्कांनी तिला पायरीशी ओढून घेतलं. पाठीवर हात ठेवला. मघाचा फटकळपणा त्या हातात नव्हता.

"भीती वाटते आक्का," शलाका म्हणाली. "माझं चुकलं तर?"

"चुकेल की एखाद्या वेळी."

"मग?"

विहिरीत वरून एक वाळकं पान येऊन पडलं. ते हळूहळू तरंगत कडेला गेलं.

"काढा हे," शलाका म्हणाली.

"गाठ तुझ्या छातीशी आहे."

तिनं आपल्या हातांनी गाठ सोडली. तुकडे एकेक करून पायरीवर ठेवत गेली. शेवटच्या तुकड्याशी हात थांबला. तिनं आक्कांकडे पाहिलं. आक्का आपल्या केसांतलं पाणी पिळत होत्या.

तो एक तिनं राहू दिला. दोरी पुन्हा बांधली, घट्ट.

मग निघाली. पहिल्याच हाताला पाणी नाकात गेलं. खोकली, थुंकली, पण हात थांबवले नाहीत. मध्यावर पाणी गार होतं, काळंही होतं. एकदा खाली गेली, वर आली. बायकांचं हसणं केव्हाच बंद झालं होतं. एकजण तर उठून उभी राहिली होती.

आणि समोरच्या भिंतीच्या दगडाला शलाकाचा हात लागला.

"पोचले! आक्का, पोचले!"

सगळी विहीर घुमली. पायरीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

शलाका दगडाला धरून धापा टाकत होती. नाक लाल, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. थोडा दम खाल्ल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. पायऱ्या आता लांब दिसत होत्या.

"आक्का, परत कशी येऊ? कडेकडेनं येऊ का मधून?"

आक्का पायरीकडे वळल्या होत्या.

"आक्काऽ! सांगा ना! कुठनं येऊ?"

गोदाक्का सावकाश पाण्याबाहेर आल्या. पायरीवर बसल्या. टॉवेलनं कान कोरडे करत म्हणाल्या,

"मला काय विचारतेस? पाण्यात तू आहेस."