पितळेची अत्तरदाणी

दुसऱ्यांच्या लबाडीचे निकाल देण्यात न्यायाधीश अप्पासाहेब निरगुडकरांची हयात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी ऑनलाइन लिलावात पितळेची अत्तरदाणी घेतली, आणि पार्सलमधून निघाली चांदीची. पाहुण्यांपुढे ती मिरवत असतानाच विकणाऱ्याचा फोन आला. अप्पासाहेबांनी मुद्दाम तो स्पीकरवर टाकला.

"साहेब, चुकून चांदीची अत्तरदाणी तुमच्याकडे आलीय का?"

पाहुण्यांना डोळा मारून अप्पासाहेब कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "मी पितळेची मागवली, पितळेचीच आली."

पाहुणे हसले. सून मृण्मयी मात्र आत गेली आणि भिजवलेली चिंच नि काथ्या घेऊन आली.

"पितळेचीच आहे ना अप्पा? मग घासून लख्ख करते," म्हणत तिने अत्तरदाणी उचलली.

"अगं, थांब," अप्पासाहेब ओरडले, "चरे पडतील. चांदी आहे ती."

पाहुणे आपापल्या चहाच्या कपात बघू लागले. टेबलावरच्या फोनमधून हळू आवाज आला, "हो साहेब. तीच."

अप्पासाहेबांनी मान वर न करता पार्सलचा खोका मागितला. मृण्मयीने तो चिंचेबरोबरच आणून ठेवला होता.