तुळसाक्का मेली आणि दरबारात आली

घोणसगडच्या फत्तेराजांनी फर्मान काढलं आणि गडाखालच्या म्हाताऱ्यांचा घास अडकला!

वाड्यात उभा जन्म राबलेल्यांना म्हातारपणी घरबसल्या महिन्याला दोन पायली ज्वारी मिळे. पेन्शनच म्हणा ना! दिवाण त्र्यंबकपंतांनी त्यात सुधारणा केली.

"ज्वारी हवी त्यानं नऊशे पायऱ्या चढून यावं. न येईल तो मेला असं धरू."

"आणि येईल तो?" राजांनी विचारलं.

"तो तर धडधाकट! त्याला कशाला फुकटची ज्वारी?"

राजांना हे इतकं पटलं, की मिशीला पीळ देऊन त्यांनी शिक्काच मारला.

खाली तुळसाक्काच्या मडक्यात शेवटची मूठ उरली होती. ही राजांची दूधआई. गुडघे असे, की उंबरा ओलांडायलाही नवस बोलावा लागे!

शेजारचा धोंडबा रडकुंडीला आला. "आक्का, चढलो तर उपाशी, नाही चढलो तर मेलेले! आता गं?"

"आता मरायचं! जा, चार भोई बोलाव. आणि दोन बांबू आण."

दुसऱ्या दिवशी भर दरबारात तिरडी आली! खाली टेकते न टेकते तोच तुळसाक्का उठून बसली.

"पाणी द्या रे. मेल्यावर घसा फार कोरडा पडतो."

पंत ओरडले, "वर आली! म्हणजे धडधाकट!"

"एक तरी पायरी चढले का? विचारा भोयांना!"

"मग फर्मानाप्रमाणे तू मेलीस!"

"हेच तुमच्या तोंडून हवं होतं! राजे, अंगाखांद्यावर वाढवणारं माणूस गेलं, की मिशी उतरवायची आणि तेरा दिवस गोड बंद, ही तुमच्याच घराण्याची रीत. न्हावी बाहेर उभा केलाय."

राजांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली. "छे छे! आक्का, तू जिवंत आहेस! तुझी ज्वारी दिली!"

"आणि खाली बत्तीस जण मरून पडलेत त्यांचं? कुणी तुम्हाला न्हाऊ घातलं, कुणी पाठीवर घेऊन घोडा झालं. मिशी उगवली की नवं सुतक!"

"सगळ्यांना दिली! घरपोच दिली! पंत स्वतः घेऊन उतरतील!"

पंतांनी दारातून खाली पायऱ्यांकडे पाहिलं. "पण मला परत चढता नाही आलं तर?"

"त्याची काळजी नको," तुळसाक्का तिरडी थोपटत म्हणाली, "ही ठेवून जाते ना तुमच्यासाठी!"

राजे इतके हसले, की मिशीचा पीळच सुटला. तुळसाक्का राजांच्या पालखीत बसून गड उतरली. पालखी तिलाच बक्षीस! आणि मागून, डोक्यावर पोतं घेऊन, पायऱ्या मोजत त्र्यंबकपंत!