आत पिल्लं, बाहेर शिंपीण

तिला वाटलं होतं, भुर्रकन आत शिरू. पिल्लांच्या चोचीत अळी घालू. भुर्रकन बाहेर येऊ.

पण झालं भलतंच.

टक्कन!

ती कशावर तरी आपटली. समोर काहीच दिसत नव्हतं. तरी पुढे जाता येत नव्हतं.

ती म्हणजे शिंपीण. एवढंसं पाखरू, अंगठ्याएवढं. शेपटी मात्र ताठ. ती चोचीने पानाला टाके घालते. पानाची पिशवी करते. पिशवीत मऊ कापूस भरते. झालं तिचं घर! म्हणून तिला सगळे शिंपीण म्हणतात.

तिचं घर होतं कुंदाकाकूंच्या मागच्या अंगणात, अनंताच्या झाडावर. घरात होती दोन पिल्लं. त्यांना अजून उडता येत नव्हतं.

कुंदाकाकूंना हवं होतं काचघर. झाडांसाठी काचेचं घर. काकूंनी अंगणात खडूने रेघा मारल्या. इथे दार. इथे खिडकी. इथे अनंत, इथे अबोली, आणि इथे मी, खुर्ची टाकून! मग खांब उभे राहिले. मग छप्पर आलं. शिंपीण खांबांमधून रोज आत-बाहेर करायची. आज ती अळी शोधायला गेली, आणि मागे काचा बसल्या.

काचा तरी कशा! पुसायला नकोत, घासायला नकोत. पाऊस आला की आपल्या आपण धुतल्या जाणार. एक डाग नाही. एक ठसा नाही. इतक्या लख्ख, की दिसतच नाहीत.

काचेपलीकडून आवाज आला.

"चीं चीं चीं चीं!"

पिल्लांना भूक लागली होती.  शिंपिणीने चोचीतली अळी पायाखाली धरली आणि म्हणाली,

"काच, काच, जरा सरक ना!"

काच म्हणाली, "छे गं छे! खिट्टी निघाल्याशिवाय मी नाही सरकणार."

शिंपीण गेली खिट्टीकडे. तुरतुर तुरतुर! अळी पायाखाली धरली आणि म्हणाली,

"खिट्टी, खिट्टी, जरा नीघ ना!
काच सरकेना.
आत पिल्लं, बाहेर मी,
सांगा आता करू काय मी?"

खिट्टी म्हणाली, "छे गं छे! काकूंनी उघडल्याशिवाय मी नाही निघणार."

शिंपीण गेली कुंदाकाकूंकडे. तुरतुर तुरतुर! काकू ओट्यावर उभ्या राहून आपलं काचघर बघत होत्या. शिंपिणीने अळी पायाखाली धरली आणि म्हणाली,

"काकू, काकू, जरा उघडा ना!
खिट्टी निघेना,
काच सरकेना.
आत पिल्लं, बाहेर मी,
सांगा आता करू काय मी?"

"पिल्लं? माझ्या काचघरात?" काकू म्हणाल्या. "मला तर नुसती पानं दिसतात हो! आणि नवं घर असं कोरडं उघडतात का? छे गं छे! नारळ फोडल्याशिवाय मी नाही उघडणार. आमच्या माडाचाच नारळ हवा. घरात होता तो गेला सोलकढीत!"

आतून आवाज आला. "चीं चीं चीं!"

आधीपेक्षा जरा बारीक.

शिंपीण गेली माडावर, नारळाकडे. भुर्र भुर्र! अळी पायाखाली धरली आणि म्हणाली,

"नारळा, नारळा, जरा पड ना!
काकू उघडेना,
खिट्टी निघेना,
काच सरकेना.
आत पिल्लं, बाहेर मी,
सांगा आता करू काय मी?"

नारळ म्हणाला, "छे गं छे! एवढ्या उंचावरून मी आपला आपण उडी मारू? बाबल वर चढल्याशिवाय मी नाही पडणार."

शिंपीण गेली बाबलकडे. भुर्र भुर्र! बाबल सगळ्यांचे नारळ पाडायचा. आता तो गोठ्याच्या सावलीत पाय पसरून बसला होता. शिंपिणीने अळी पायाखाली धरली आणि म्हणाली,

"बाबलदादा, बाबलदादा, जरा चढ ना!
नारळ पडेना,
काकू उघडेना,
खिट्टी निघेना,
काच सरकेना.
आत पिल्लं, बाहेर मी,
सांगा आता करू काय मी?"

बाबल म्हणाला, "छे गं छे! तुला पंख आहेत बाय, मला आहेत का? पायात दोरी घातली तर माडावर चढणार ना! ती अडकलीय गोठ्यात. दोरी सुटल्याशिवाय मी नाही चढणार."

अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं. आतून आवाज आला. "चीं चीं."

फक्त दोनदा.

शिंपीण गेली गोठ्यात, दोरीकडे. तुरतुर तुरतुर! अळी पायाखाली धरली आणि म्हणाली,

"दोरी, दोरी, जरा सूट ना!
बाबल चढेना,
नारळ पडेना,
काकू उघडेना,
खिट्टी निघेना,
काच सरकेना.
आत पिल्लं, बाहेर मी,
सांगा आता करू काय मी?"

दोरी म्हणाली, "छे गं छे! बघतेस ना, वासरू माझ्यावर बसलंय. माझी चपटी पट्टी झालीय! वासरू उठल्याशिवाय मी नाही सुटणार."

शिंपीण गेली वासराच्या तोंडापाशी. तुरतुर तुरतुर! अळी पायाखाली धरली आणि म्हणाली,

"वासरा, वासरा, जरा ऊठ ना!
दोरी सुटेना,
बाबल चढेना,
नारळ पडेना,
काकू उघडेना,
खिट्टी निघेना,
काच सरकेना.
आत पिल्लं, बाहेर मी,
सांगा आता करू काय मी?"

वासराने एक डोळा उघडला. म्हणालं, "छे गं छे! जागा कशी गारगार आहे. कानात माशी शिरल्याशिवाय मी नाही उठणार."

आणि त्याने डोळा मिटला.

आतून आवाज आला. "चीं."

एकदाच.

शिंपीण गेली माशीकडे. भुर्र भुर्र भुर्र! माशी फणसाच्या गऱ्यावर बसली होती. शिंपिणीने अळी पायाखाली धरली. तिला धाप लागली होती. तरी म्हणाली,

"माशी, माशी, जरा कानात शीर ना!
वासरू उठेना,
दोरी सुटेना,
बाबल चढेना,
नारळ पडेना,
काकू उघडेना,
खिट्टी निघेना,
काच सरकेना.
आत पिल्लं, बाहेर मी,
सांगा आता करू काय मी?"

माशीचे पाय गऱ्याला चिकटले होते. पोट टम्म फुगलं होतं.

"उद्या ये," माशी म्हणाली.

"उद्या?"

"उद्या."

शिंपिणीने कान दिला. आतून आवाज आला नाही.

ना चीं चीं चीं. ना चीं चीं. ना चीं.

ऊन भिंतीवरून छपरावर गेलं. आता कोणाला विचारायचं? कोणी उरलंच नव्हतं.

शिंपीण इकडे वळली. तिकडे वळली. मग तिने शेपटी ताठ केली.

"आता कोणाला विचारायचंच नाही. मीच होते माशी!"

ती उडाली ती थेट वासराच्या कानावर. चोचीत अळी घट्ट धरली. डोकं घातलं कानात. पंख हलवले.

गुंऽऽऽ! गुंऽऽऽ! गुंऽऽऽ!

आणि अळीची शेपटी कानात हलली.

वळवळ! वळवळ! वळवळ!

"अगंऽ आई गंऽ!" वासरू ओरडलं, "केवढी ही माशी!"

आणि मग काय?

वासरू उठलं. धडपड!
दोरी सुटली. सळ्ळ!
बाबल चढला. सर सर सर!
नारळ पडला. धप्प!
काकूंनी नारळ फोडला. फट्ट!
खिट्टी निघाली. खट्ट!
काच सरकली. सुर्रर्रर्र!

आणि शिंपीण गेली आत. भुर्रर्रर्र!

अनंताचं झाड गप्प होतं. टाके घातलेलं पान गप्प होतं. शिंपीण पानाच्या काठावर बसली. 

"बाळांनो?"

काही नाही.

"बाळांनो, मी आले."

पान हललं. जरासंच. मग एक चोच वर आली. मग दुसरी चोच वर आली. दोन्ही चोची उघडल्या, या एवढ्या मोठ्या!

"चीं चीं चीं चीं चीं चीं!"

अर्धी अळी एका चोचीत. अर्धी अळी दुसऱ्या चोचीत. गट्टम! गट्टम!

कुंदाकाकू हातात नारळाची वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"अगंबाई! पानाला टाके! आणि टाक्यांच्या आत पिल्लं! हिने सांगितलं, तर मी म्हटलं, नुसती पानं."

बाबल हसला. "काकू, घर बांधलंत तुम्ही. पण राहायला आलं भलतंच कोणी!"

"भलतंच कसं? तीच आधीची. मीच तिच्या घराभोवती घर बांधलं," काकू म्हणाल्या. "हसू नको. आत ये हळू. आणि तुझा तो आवाज कमी कर!"

अंधार पडायच्या आत शिंपिणीने आणखी अळ्या आणल्या. आणखी. आणि आणखी. पिल्लांची पोटं भरली. ती पंखाखाली झोपली.

पण शिंपिणीला झोप येईना. उद्या कोणी खिट्टी लावली तर? उद्या मी पुन्हा टक्कन आपटले तर? तिच्या मनात आलं, पिल्लांना उडता येऊ दे, मग लांब जाऊ. नदीकाठी जाऊ. पुन्हा म्हणून इथे घर करायचं नाही.

सकाळ झाली. शिंपिणीने पानातून डोकं बाहेर काढलं.

खिडकी उघडी होती. खिट्टी तिथे नव्हतीच. काकूंनी ती काढून फडताळात टाकली होती.

आणि काकू? काकू स्टुलावर चढल्या होत्या. एका हातात काजळाची डबी. दुसऱ्या हाताचं बोट काळंकुट्ट. काचेवर त्या ठिपके काढत होत्या. इथे ठिपका. तिथे ठिपका. वर ठिपका, खाली ठिपका. सगळीकडे ठिपकेच ठिपके!

बाबल दारातून म्हणाला, "काय हो काकू! डाग पडत नाही अशी काच म्हणून गावभर सांगत होतात. आता स्वतःच काळी करताय?"

"लहान बाळं आहेत घरात," काकू म्हणाल्या. "मग तीट नको लावायला?"

शिंपिणीने डोकं तिरकं केलं. पुन्हा नीट पाहिलं.

काळा ठिपका, तिथे काच. ठिपका नाही, तिथे वाट.

ती वाटेने बाहेर गेली. कुठे आपटली नाही. वाटेने आत आली. कुठे आपटली नाही.

मग ती पिल्लांजवळ बसली. अनंताचं शेजारचं पान तिने चोचीने हळूच दाबून पाहिलं. पान रुंद होतं. मऊ होतं. टाके घालायला अगदी छान.

"ठरलं," शिंपीण म्हणाली. "पुढचं घरसुद्धा इथेच शिवायचं."