मठाचं बुटकं दार

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईनं बजावलंय. रविवारी ताईला बघायला पाहुणे येणार आहेत. तरी लिहिते.

"...मग या गावात एकही कसा नाही, बाबा?"

शहरातले डॉक्टर मठात बसून धुंडीनाथबाबांना विचारत होते. मी वडिलांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर, दाराबाहेर होते. गावातली आणखी चार-पाच माणसंही तिथंच थांबली होती. मठाचा उंबरा गुडघ्याएवढा, चौकट छातीएवढी. अंगाची घडी घालूनच आत जावं लागतं. अण्णांना वाकता येत नाही. मी खाली बसून आत डोकावत होते.

"कसला आजार म्हणालास?" बाबांनी विचारलं.

"रक्तातून उतरणारा. मणके सुजतात, मग एकमेकांना चिकटतात. पाठीची फळी होते. कुठल्या मुलखात शंभरात एक, कुठे हजारात एखादा. तुमच्याकडे चारशे घरं फिरलो. शून्य!"

"बाहेर थांबलेत त्यांना विचारलंस?"

"विचारलं की. हे गाडीवरून पडले. ते चिंचेवरून. त्या मावशी विहिरीच्या पायरीवरून." डॉक्टर हसले. "फार पडतं बुवा तुमचं गाव."

बाहेर कुणी हसलं नाही. अण्णांना मान खाली घालता येत नाही, म्हणून ते समोरच बघत राहिले.

"आणि मी?" आतून बाबांनी विचारलं.

"तुमचं काय बाबा! तुमचं तर व्रत. वीस वर्षं उंबरा ओलांडला नाही म्हणतात."

बाबा भिंतीला धरून उठले. दाराशी आले. वाकायला गेले...

छाती चौकटीच्या दगडाला लागली. पाठ तशीच, ताठ. बाहेरून आम्हाला त्यांचा चेहरा दिसेना, नुसती भगवी छाटी.

पुन्हा एकदा. पुन्हा तसंच.

"व्रत नाही, लेकरा," चौकटीमागून आवाज आला. "लिही. एक."

डॉक्टरांची पेन्सिल हलेना.

"लिही..."

त्यांनी लिहिलं.

रविवारचे पाहुणे माझ्या डोळ्यांसमोर आले. आणि ताईसुद्धा. हल्ली सकाळी अंथरुणातून उठताना तीही भिंत धरते.

मी उंबऱ्यावर हात टेकले. "डॉक्टर, आमचे अण्णा गाडीवरून कधीच..."

"वैजू!" अण्णांनी हाक मारली. "चल घरी."

मी मागे सरले. चपलेत पाय घालताना बाबांचा आवाज ऐकू आला.

"दुसरी ओळ मोकळी ठेव."