स्पॅनिशमधली माफी

“पण हे वाक्य तुम्ही म्हणणार कुणाला?”

रेमेदिओसबाईंनी विचारलं. वर न बघता. त्या मटारच्या शेंगा सोलत होत्या.

बाई सत्तरी-पंचाहत्तरीच्या. स्पेनमधल्या ग्रानादा गावात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, परदेशातून आलेल्यांना स्पॅनिशचे पहिले धडे द्यायच्या. फळा नाही, खडू नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि माझ्यासाठी एक स्टूल. तेही लंगडं.

शिष्य म्हणजे आमचे अण्णा. तासगावचे रिटायर्ड हेडमास्तर. तीस वर्षं पोरांचे कान पिळून बोटं जाड झालेली.

आणि मी विराज. त्यांचा मुलगा. दहावीला दोनदा आपटलोय, त्यामुळं घरी मला कुणी काही विचारत नाही.

बाई आणि अण्णा इंग्रजीत बोलायचे. अण्णांचं इंग्रजी व्याकरणाचं, बाईंचं बाजारातलं. मी तुम्हाला सगळं मराठीतच सांगतो.

पहिल्या दिवशी बाईंनी सफरचंद उचलून त्याचं नाव सांगितलं. अण्णा म्हणाले, “फळं नकोत. मला एकच वाक्य पाहिजे. चार दिवसांत पाठ करतो.” आणि इंग्रजीत सांगून ते वाक्य स्पॅनिशमध्ये लिहून घेतलं.

आज चौथा दिवस.

“कुणाला म्हणायचं ते सोडा,” अण्णा म्हणाले. “आधी ऐका तर.”

उभे राहिले. हात मागं. शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसे.

“पेर्दोनामे, इखा. फुई इनखुस्तो कोन्तिगो.”

मला माफ कर, पोरी. मी तुझ्यावर अन्याय केला.

एवढंच. पण काय खणखणीत! त्यातला तो ‘ख’ पार घशातून काढायचा असतो. अण्णांनी कफ काढावा तसा काढला.

का नाही येणार? लॉजवर दुसरं कामच नव्हतं. वहीत शंभर वेळा लिहिलं होतं, आम्हाला लिहायला लावायचे तसं. मी मोजलं, तर सत्त्याण्णव भरलं. सांगितल्यावर गुपचूप तीनदा अजून लिहिलं.

“दहापैकी दहा,” बाई म्हणाल्या.

अण्णा फुलले. माझ्याकडं बघितलं. म्हणजे, बघ गाढवा, अभ्यास याला म्हणतात.

“आता हे वाक्य तुम्ही कुणालाही म्हणू शकता,” बाई म्हणाल्या. “मला म्हणा. पाववाल्याला म्हणा. बसच्या ड्रायव्हरला म्हणा. सगळं ग्रानादा तुम्हाला माफ करील.”

मी फिस्सकन हसलो. अण्णांनी डोळे वटारले.

“माझ्या मुलीला म्हणायचंय,” ते म्हणाले. “रविवारी. बारा वाजता भेटणार आहे. अर्धा तास.”

“इथंच राहते?”

“सहा वर्षं झाली. इथल्याच माणसाशी लग्न केलंय.”

“आणि तुम्ही लॉजवर?”

…

शलाकाताईनं घरी बोलवलंच नव्हतं. चौकातल्या बाकावर भेटू म्हणाली होती. तेही मला मेसेज करून.

“तिला स्पॅनिश येतं?” बाईंनी विचारलं.

“फर्स्ट क्लास. इथं नोकरी करते.”

“आणि तुमची भाषा?”

अण्णांची छाती पुढं आली. “मराठी? मीच शिकवली. दहावीला मराठीत तालुक्यात पहिली आली होती.”

“आता विसरली असेल.”

“मराठी विसरेल? माझी मुलगी?”

बाईंनी एक शेंग उचलली. सोलली नाही. नुसती धरली.

“मग स्पॅनिश कशाला?”

…

खिडकीत एक मांजर बसलं होतं. ते पण अण्णांकडंच बघत होतं.

“जावई आहे,” अण्णा म्हणाले. “चार वर्षांचा नातू आहे. त्यांना पण कळायला पाहिजे.”

“नातवावर काय अन्याय केला तुम्ही?”

“नातवावर? काही नाही. त्याला तर मी अजून बघितलंसुद्धा नाही.”

“जावयावर?”

“त्याच्याशी मी कधी बोललेलोच नाही.”

“मग हे वाक्य त्यांचं नाही.”

अण्णा बसले. पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

“हे बघा बाई. वाक्य बरोबर आहे ना? उच्चार बरोबर आहेत ना? मग झालं तर.”

“झालं,” बाई म्हणाल्या. “फक्त अन्याय कुठला, तेवढं सांगा.”

“घरगुती गोष्ट आहे.”

आता इथं मी तोंड बंद ठेवायला पाहिजे होतं. पण मला ते जमलं असतं तर निम्म्या शाळेनं माझी नावं सांगितली नसती.

“तिच्या नावानं आंघोळ केली,” मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो.

“विऱ्या!”

“आमच्यात माणूस गेलं की आंघोळ करतात, बाई. ताईनं लग्न केल्याचं कळवलं, त्या दिवशी अण्णांनी भर अंगणात डोक्यावर बादली ओतून घेतली. ताई मेली म्हणून. अख्खी गल्ली बघत होती.”

“गप बस!”

“आणि दोन वर्षांपूर्वी आई गेली, तर तिला कळवलंच नाही. मला पण कळवू दिलं नाही, मोबाईल कपाटात घालून कुलूप लावलं. तेराव्यानंतर ताईचाच फोन आला. मला म्हणाली, जरा आईला दे…”

अण्णांचा हात उठला.

मी मान खाली घातली. सवय आहे. पण हात काही आला नाही.

बघितलं तर हात वरच होता. बाईंनी त्या हातात शेंग ठेवली होती.

अण्णा त्या शेंगेकडं बघत राहिले. मग हात हळूहळू खाली आला.

“मग फोन तुम्ही घेतलात?” बाईंनी विचारलं.

“घेतला.”

“काय म्हणालात तिला? तुमच्याच भाषेत म्हणा. मला अर्थ नको.”

…

“मेलेल्यांना मयताचं कळवायची पद्धत नाही.”

अण्णा अडखळले नाहीत. एवढंसुद्धा नाही.

बाईंना मराठीतला म पण येत नाही. तरी त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग उघडले.

“हे किती वेळा लिहून पाठ केलं होतं?”

“लिहिलं कशाला असेल…” अण्णा म्हणाले. आणि तिथंच थांबले.

“आता दुसरं म्हणा,” बाई म्हणाल्या. “माफीचं. तुमच्या भाषेत. घाबरू नका, मला काही कळणार नाही.”

अण्णा उभे राहिले. या वेळी हात मागं गेले नाहीत. कुठं ठेवायचे तेच त्यांना कळेना.

“शलाका…”

…

“शलाका, मी…”

शेंग मुठीत चुरगळली. हिरवं पाणी मनगटावर आलं.

पंधरा ऑगस्टला तासभर कागद न बघता भाषण ठोकणारा माणूस. पोरं चक्कर येऊन पडायची, पण भाषण संपायचं नाही. तोच माणूस आता तोंड उघडून उभा होता आणि आतनं काही येत नव्हतं.

मला ते बघवेना.

“‘चुकलो’ म्हणा, अण्णा,” मी म्हणालो. “लय सोपं आहे. तुम्हाला मी रोज म्हणतो की.”

हसतील म्हणून म्हणालो होतो. कुणी हसलं नाही.

अण्णा खाली बसले. रुमालानं मनगट पुसलं, मग तोंड पुसलं. तोंडाला हिरवं लागलं. ते मी सांगितलं नाही.

“स्पॅनिशमध्ये येतंय की मला,” ते हळू म्हणाले. “पेर्दोनामे, इखा. फुई इनखुस्तो कोन्तिगो.”

एक चूक नाही.

“बघ. येतंय.” आता ते माझ्याशी बोलत होते. “चालेल ना रे तिला?”

सतरा वर्षांत पहिल्यांदा अण्णांनी मला काहीतरी विचारलं. आणि नेमकं ते विचारलं.

काय सांगणार होतो? त्या दिवशी अंगणातली बादली मीच भरून दिली होती. अकरा वर्षांचा होतो. मला वाटलं, काहीतरी खेळ आहे. काठोकाठ भरली होती.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

बाईंनी दाणे पातेल्यात ढकलले. वही मिटून अण्णांपुढं सरकवली. म्हणजे तास संपला.

अण्णांनी वही काखेत मारली. दारापर्यंत गेले. थांबले.

“मग रविवारी मी बोलू काय, बाई?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“तिला बोलू द्या. मराठीत.”

बाईंनी कडी काढली. दार उघडून धरलं.

“आणि ‘समजलं नाही’ असं म्हणू नका.”