पापण्या असलेली मरळ

माझी गोष्ट ऐकून जागं राहिलेलं पोर ह्या आळीत अजून जन्मलं नाही. आता मागच्या खेपेला पोरं टक्क जागी होती आणि मीच घोरत होतो, ते सोडा. चला, सरका जरा. चिंगे, पाय आत घे. अंत्या, तू काही ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे, निदान नाक तरी पूस.

तर काय झालं, नदीकाठी एक भोयाचं घर होतं. भोई म्हणजे मासे धरणारे, बरं का. घरात म्हातारा सटवाजी, त्याचा मुलगा हैबती, मुलगी ठकी आणि सून राही. खाणारी तोंडं चार, राबणारे हात दोन. ते दोन्ही राहीचे.

एक दिवस राही डोहावर धुणं धूत होती. दमली होती फार. तिला जांभई आली. ती एवढी मोठी, एवढी मोठी, की राहीच्या तोंडातून तिची झोपच बाहेर पडली. पडली ती टुपकन पाण्यात. खालून मरळ नावाची एक मासळी वर आली आणि गिळून गेली.

तेव्हापासून राहीला झोप नाही. पाठ टेकली तरी डोळे आढ्याला लागलेले. मग ती उठायची आणि काम करायची. घरच्यांना वाईट वाटलं म्हणता? छे. सटवाजी म्हणाला, "बरंच झालं, चोराची भीती गेली." ठकी म्हणाली, "वहिनी, जागीच आहेस तर माझ्या उवा काढ." हैबतीला काय, पहाटे गरम भाकरी मिळत होती. घर झकास चाललं होतं. राही तेवढी वाळत होती.

मग ती अशी थकली, अशी थकली, की तिला कशाचं काही कळेना. आधी तिनं धुणं परातीत मळलं आणि पीठ दोरीवर वाळत घातलं. मग ती बोकडाची धार काढायला बसली. बोकड लाजून कोपऱ्यात गेला. आणि मग एकदा आपणच विणलेलं जाळं फाटलं होतं ते शिवता शिवता तिनं शेजारी पेंगत बसलेल्या सासऱ्याचं धोतरही त्यातच शिवून टाकलं. हैबतीनं जाळं उचलून नदीत भिरकावलं. जाळ्यामागून सटवाजी गेला.

नाकातलं पाणी शिंकरत सटवाजी बाहेर आला तेव्हा कुठे त्याला पटलं, की सुनेलाही झोप लागते.

राही म्हणाली, "मामंजी, एकदा डोहात शोधू या. झोप नाही मिळाली तर मी काही हा उन्हाळा काढत नाही."

हे मात्र ती हळू म्हणाली, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

मग अख्खं घर निघालं डोहावर. भाकऱ्या घेतल्या, ठेचा घेतला. राहीला करंजाच्या सावलीत बसवलं. होडीतून जाळं टाकायचं, काठाला यायचं, होडीचा दोर राहीच्या हातात द्यायचा आणि तिघांनी जाळं ओढायचं. पहिल्या खेपेला आलं शेवाळ. दुसऱ्या खेपेला आला खेकडा, तो ठकीच्या बोटाला जो लटकला तो लटकलाच. तिसऱ्या खेपेला जाळं जड लागलं.

ओढून बघतात तर काय, ही एवढी मरळ. डोळे मिटून घोरतेय. माशाला पापण्या नसतात, बरं का, अंत्या, बाजारात जाशील तेव्हा बघ. हिला होत्या. आणि निजली होती तीही राहीसारखीच, उजव्या कुशीवर, एक हात, म्हणजे एक पर, गालाखाली घेऊन.

"हीच ती," राही म्हणाली. "आणा इकडे."

पण त्या नदीवर एक रीत होती. जाळं ओढेल त्याला वाटा, आणि एक वाटा जाळ्याचा, म्हणजे ते विणणाऱ्याचा. काठावर बसेल त्याला काही नाही.

सटवाजी म्हणाला, "म्हातारपणी माझी झोप पातळ झालीय. डोक्याकडचा वाटा माझा."

हैबती म्हणाला, "मी घरातला कर्ता. मधला माझा."

ठकी म्हणाली, "मला उजाडलं की उठवता. शेपटी माझी."

"अहो, पण झोप माझी आहे," राही म्हणाली.

"रीत म्हणजे रीत, सूनबाई," सटवाजी म्हणाला आणि त्यानं मरळ डोक्याकडून धरली. धरली तसा तो बसल्या जागी घोरायला लागला. हैबतीनं मधून धरली, तो बापाच्या खांद्यावर. ठकीनं शेपटी धरली, ती वाळूत आडवी, खेकड्यासकट.

तिघं झोप ओढत होती, तशी मरळ जागी होत होती. तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तिनं अंग झटकलं आणि ती पाण्याकडे सरकायला लागली.

राहीच्या हातात होडीचा दोर. नदीची धार जोराची. दोर सोडावा तर होडी जाते, घरात तेवढी एकच. धरून ठेवावा तर झोप जाते. हातातलं काम राहीनं जन्मात कधी खाली ठेवलं नव्हतं.

तिनं दोराकडे बघितलं. घोरणाऱ्या तिघांकडे बघितलं. आणि दोर सोडला.

धावत जाऊन तिनं मरळ छातीशी धरली आणि म्हणाली, "जाळं मी विणलंय. जाळ्याचा वाटा माझा." मरळीनं जांभई दिली. त्या जांभईतून उरली होती तेवढी झोप बाहेर आली आणि राहीकडे गेली. मरळ उघड्या डोळ्यांनी डोहात गेली. राही होती तिथेच, ओल्या वाळूत, कुशीवर वळली.

तिघं उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. होडी नाही, मासा नाही, भाकऱ्या कावळ्यांनी नेलेल्या. राहीला हलवलं, हाका मारल्या. ती काही उठेना. मग तिघांनी तिला जाळ्यात घालून झोळी केली आणि तिघं घराकडे निघाली. वाटेत लोक विचारायचे, "काय सटवाजी, जड दिसतंय. काय गावलं?"

सटवाजी मान खाली घालून म्हणायचा, "सूनबाई."

राही निजली ती निजलीच. मग हैबती वेळूच्या बेटात अडकलेली होडी शोधून आला आणि भाकऱ्या थापायला बसला. ठकीनं आपल्या उवा आपण काढल्या. सटवाजीनं बोकड सोडून शेळीची धार काढली. राहीची झोप पुरी झाली तेव्हा ती उठली, घर जागच्या जागी आहे असं तिनं बघितलं, आणि परत कूस बदलली. मग सगळी सुखानं राहिली, थोडी कच्ची भाकरी खाऊन.

संपली गोष्ट. चिंगी झोपी गेली, अंत्याही गेला. तुमची आजी तेवढी टक्क जागी. म्हटलं, "काय गं, एवढी छान गोष्ट सांगितली, तुझा डोळा नाही लागला?"

"लागेल की. उद्याच्या भाकऱ्या तुम्ही थापताय, एवढं एकदा तोंडानं म्हणा."